हनुवटीखालचा हात

आमच्या दवाखान्यात रोग्याचं तोंड बघण्याआधी तिथी बघत असत. ही थट्टा नव्हे. बेळगावच्या खडेबाजारात कापडाच्या दोन दुकानांच्या मधून एक अरुंद जिना वर जायचा. जिना संपला की दातांच्या दवाखान्याची पाटी, आणि पाटीच्या शेजारी, तिच्यापेक्षा ठळक दिसेल असं, जैन पंचांग खिळ्याला टांगलेलं. अष्टमी किंवा चतुर्दशी असली तर दात काढून मिळे, भरून मिळे, पण हाडाचं काम होत नसे. हाडाच्या कामाला मोगरी लागायची, मोगरी आण्णाप्पांच्या हातात असायची, आणि त्या दोन तिथींना मोगरी धरायची नाही असं आण्णाप्पांचं व्रत होतं. मी मुंबईहून नुकताच शिकून आलो होतो. पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. दवाखाना ज्यांचा होता त्या थोरल्या डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हस. वर्षभरानं पुन्हा विचारतो."

मोगरी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता ती कुठं दिसत नाही. अक्कलदाढ कधीकधी जबड्याच्या हाडात आडवी रुतून बसते. चिमट्यात ती सापडत नाही. मग तिच्या कडेचं हाड पटाशीनं थोडं उडवायचं, दाढेचे दोन तुकडे करायचे आणि एकेक बाहेर काढायचा. पटाशी डॉक्टरनं धरायची आणि तिच्या डोक्यावर दुसऱ्यानं मोगरी मारायची. वीतभर लांबीची, मुठीत मावणारी छोटी हातोडी ती. आमची विलायतेहून आलेली होती. पोलादी दांडा, डोक्यात शिसं आणि दोन्ही तोंडांना कातडं मढवलेलं. आण्णाप्पा कातड्याला शिवत नसत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ते कातडं खरवडून काढलं आणि तिथं चिंचेच्या गाभ्याची लाकडी तोंडं बसवली. रोज उकळल्यामुळं ती दोन-तीन महिन्यांत तडकायची. की पुन्हा नवी. दवाखान्याच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून, मांडीवर फडकं पसरून ते लाकूड घासत बसलेले असायचे. "आवाज मऊ यायला पायजे," म्हणायचे. "रोग्याच्या कानात आपला आवाज जातोय, डाक्टर. त्याच्या डोसक्यात घंटा वाजवायला आलोय काय आपण?"

निपाणीजवळच्या एका गावचे ते. घरची तंबाखूची शेती, थोरले भाऊ ती बघत. गावात सुतार वेळेवर मिळायचा नाही म्हणून घरची पाभर, कुळव, शेतीची सगळी अवजारं आण्णाप्पाच ठोकायचे. एकदा आपल्या वडिलांना घेऊन ते थोरल्या डॉक्टरांकडे आले. दाढ हाडात होती. डॉक्टरांकडे त्या वेळी मोगरी मारायला एक कॉलेजात शिकलेला मदतनीस होता. रक्त दिसल्याबरोबर तो गडी पांढराफटक पडून खाली बसला. डॉक्टरांच्या एका हातात पटाशी, दुसऱ्यात आरसा, आणि वडील आ वासून पडलेले. आण्णाप्पांनी खाली पडलेली मोगरी उचलली, धुऊन घेतली आणि विचारलं, "कुठं मारायची?" वडिलांची दाढ निघाली. वडील गावी परत गेले आणि आण्णाप्पा तिथंच राहिले ते बावीस वर्षं.

व्रत त्यानंतरचं. हे काम धरल्यावर त्यांच्या मनाला काहीतरी टोचत राहिलं असावं. मुंगी मरू नये म्हणून खाली बघून चालणारा, पाणी गाळल्याशिवाय न पिणारा माणूस आणि दिवसभर दुसऱ्याच्या हाडावर घाव. त्यांच्या गावच्या बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, एक मुनी चातुर्मासाला आले होते. त्यांच्यापुढं आण्णाप्पांनी हे सगळं सांगितलं. मुनींनी काम सोड म्हटलं नाही. अष्टमी-चतुर्दशीला तरी तुझ्या हातून कुणाच्या अंगाला घाव नको, एवढंच म्हणाले. ते यांनी धरलं. त्या दोन दिवशी ते एकदाच जेवत, दवाखान्यात येत, पण मागच्या खोलीत जप करत बसत. गावी प्रत्येक चतुर्दशीच्या अभिषेकाचा पहिला कलश यांच्या घराण्याचा असे. मुक्कामी असले की तो आण्णाप्पांच्या हातून होई. त्यासाठी जमेल तेव्हा ते आदल्या दिवशी शेवटची मोटार पकडून निपाणीला जात आणि परत येताना स्वतःच्या मळ्यातल्या शेंगा घेऊन येत. गावातला कुठलाच मान त्यांनी कधी मागितला नसेल, पण या कलशाबद्दल बोलताना त्यांचा चेहरा उजळायचा. "तेवढा एक हाय बगा आपला," म्हणायचे.

आता त्यांची काम करायची रीत. डाव्या हाताचा तळवा रोग्याच्या हनुवटीखाली, जबड्याच्या कडेला लावायचा. उजव्यात मोगरी. रोग्याच्या डोळ्यांवर स्वच्छ फडक्याची घडी. मग म्हणायचे, "आक्का, डोळं झाकलोय. श्वास झाकू नका." बाई असो, बुवा असो, कॅम्पातला, म्हणजे लष्करी छावणीतला, गोरा सार्जंट असो, सगळे त्यांचे आण्णा नाहीतर आक्का. रोग्यानं श्वास सोडला की घाव. कानडीत मोजायचे, हळू, स्वतःशीच: "ओंदू... एरडू..." दोनच्या पुढं कधी गेले नाहीत. दोन मारले की थांबायचं, डाव्या तळव्यानं जबडा चाचपायचा, पुन्हा श्वासाची वाट बघायची. कॅम्पातल्या त्या सार्जंटनं एकदा खुर्चीत पडल्यापडल्या घड्याळ वर धरून दाखवलं होतं. आण्णाप्पा मला म्हणाले, "सायबाला सांगा, हाडाला घाई चालत न्हाय." मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब गुरगुरला, पण त्यानं घड्याळ खाली घेतलं आणि श्वासही सोडला.

मला याचा कंटाळा यायचा. खरं सांगायचं तर चीड यायची. पटाशी धरून हात अवघडलेला, आणि हे गृहस्थ रोग्याच्या श्वासाची वाट बघत उभे! मुंबईत आम्ही एका हातात पटाशी, दुसऱ्यात मोगरी धरून एकट्यानं काम केलेलं. खाली जबडा धरायला कुणी शिकाऊ असेच, पण त्याचं महत्त्व मला कधी जाणवलं नव्हतं. असतो एखादा उभा, एवढंच. एकदा मी वैतागून म्हटलं, "आण्णाप्पा, तो डावा हात कशाला लागतो एवढा? उगाच मध्ये येतो माझ्या."

त्यांनी मलाच खुर्चीत झोपवलं. हनुवटीखाली तळवा दिला आणि माझ्या खालच्या दाढांवर लाकडाची चिप ठेवून मोगरीनं हलकेच टकटक केलं. काही वाटलं नाही. मग तळवा काढून घेतला आणि तेवढंच हलकं मारलं. कानापुढं, जबड्याच्या बिजागरीत, अशी कळ आली की मी उठून बसलो.

"कळालं?" त्यांनी विचारलं.

"कळलं," मी म्हटलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

बेळगुंदीच्या एका बाईची गोष्ट सांगतो. चार रात्री झोप नसलेली, घरचं सगळं उरकून, चालत आलेली. काम लांबलं. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा ती आण्णाप्पांच्या तळव्यावर डोकं टेकून गाढ झोपली होती. इंजेक्शनचा अंमल होताच, पण त्याहून दुखणं थांबल्याची झोप असणार. मी हात धुतले, हत्यारं आवरली, पुढच्या रोग्याला बोलावणार, तर आण्णाप्पांनी मान हलवून मला गप्प केलं. पाऊण तास ते तसेच वाकून उभे राहिले. बाई जागी झाली आणि लाजून पदर सावरू लागली तेव्हा म्हणाले, "आक्का, बरी झोप झाली की. आता घरला जाऊन पातळ पेज प्या." मग मागच्या खोलीत जाऊन ते पाठ दाबत भिंतीला टेकले. त्या दिवशी दोन रोगी वाट बघून निघून गेले म्हणून मी दिवसभर घुश्शात होतो.

बेळगुंदी, येळ्ळूर, पार कणकुंबीच्या रानातून लोक यायचे आणि जिन्यातूनच ओरडायचे, "आण्णाप्पा हाईत न्हवं?" डॉक्टर आहेत का असं विचारणारा विरळा. थोरले डॉक्टर याच्यावर हसत. मला ते हसणं जमलं नाही. वर्षभरानं विचारतो म्हणालेल्या थोरल्या डॉक्टरांनी वर्षभरानं विचारलं, तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोललो. पुढं त्यांची प्रकृती बिघडली. मुलाकडे पुण्याला जाताना त्यांनी दवाखाना माझ्या स्वाधीन केला. जिन्यात उभं राहून म्हणाले, "आण्णाप्पाला सांभाळ. त्याच्या तिथी सांभाळल्यास तर तोही सांभाळला जाईल." मी मान हलवली.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. कॅम्पात एक नवा दंतवैद्य आला होता. त्याची खुर्ची पायानं वरखाली व्हायची. "आमच्याकडे पंचांग लागत नाही," असं तो म्हणतो, हे माझ्या कानावर आलं होतं. त्या महिन्यात अष्टमीला परत पाठवलेले माझे दोन रोगी त्याच्याकडे गेले. मला ते फार लागलं. दुखण्यानं तळमळणारा माणूस तिथीमुळं परत जातो याचं वाईट वाटलं असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे तो दुसऱ्याकडे जातो याचं वाईट वाटत होतं.

आणि मग त्या चतुर्दशीला बाळगोंडा आला. आण्णाप्पांच्याच गावचा, तिशीतला, तंबाखूच्या व्यापारात नाव काढलेला तरुण. बरोबर त्याचा चुलता, ज्याच्या शब्दावर गाव आणि बस्ती दोन्ही चालायची असा. डाव्या बाजूची अक्कलदाढ हाडात आडवी. आठ दिवसांमागं सूज होती ती औषधानं उतरली होती, पण कळ थांबत नव्हती. दुसऱ्या दिवशी निपाणीत मोठे खरेदीदार येणार होते आणि त्याला आजच मोकळं व्हायचं होतं. चुलता खाली मोटारीपाशी थांबला. मी बाळगोंडाला खुर्चीत बसवलं, इंजेक्शन दिलं आणि मागच्या खोलीत गेलो.

आण्णाप्पा जपाला बसले होते. मी म्हटलं, "बाळगोंडा आलाय. तुमच्या गावचा. हाडाचं काम आहे."

"उद्या सकाळी सातला करूया, डाक्टर," ते म्हणाले. "त्याला मी समजावून सांगतो. माझं ऐकतोय तो."

"त्याला आज हवंय. उद्या तो कॅम्पात जाईल."

त्यांनी माळेचे उरलेले मणी ओढले. मग माळ खाली ठेवली. "असं करतो," म्हणाले. "मोगरी मी धरणार न्हाय. हात तेवढा खाली देतो. हात द्यायला काय दोष न्हाय."

आज इतक्या वर्षांनी मला त्यांचा चेहरा दिसतो. आयुष्यभराच्या व्रताच्या अगदी कडेवर येऊन उभे राहिले होते ते, आणि माझ्यासाठी, त्या पोरासाठी, अर्धं पाऊल पुढं टाकत होते. आणि मी काय म्हणालो? "अर्धं पाळायचं आणि अर्धं मोडायचं, हे कुठलं व्रत? बसा इथंच. मुंबईत एकट्यानंच करतात." एवढं बोलून मी दार ओढून घेतलं.

बाळगोंडाच्या डोळ्यांवर मीच फडकं ठेवलं. डाव्या हातात पटाशी, उजव्यात मोगरी. पहिला घाव बरा बसला. दुसराही. मी थांबलो नाही. तिसरा, चौथा. पाचव्याला आवाज वेगळा आला. लाकूड ओलं असताना मोडतं तसा, आतून. बाळगोंडाचा जबडा एका बाजूला सरकला आणि तो घशातून असा ओरडला की मोगरी माझ्या हातून ताटलीत पडली.

दार उघडून आण्णाप्पा आत आले. मला बाजूला सारलं, तळवा हनुवटीखाली दिला, दुसऱ्या हाताची बोटं गालावर फिरवून मोडलेली जागा शोधली आणि जबडा जागेवर धरला. "आण्णा, श्वास सोडा. मी हाय," म्हणाले. मग मला म्हणाले, "पट्टी." मी पट्टी दिली. दाढ मोडक्या जागेतून सहज निघाली, तेवढी मी काढली. त्यांनी डोक्यावरून घेऊन जबडा बांधला. ते चालू असताना डोळ्यांवरचं फडकं सरकलं आणि बाळगोंडानं डोळे उघडले. त्याला दिसले ते आण्णाप्पा. त्यांचा हात त्याच्या जबड्याला होता आणि शेजारी ताटलीत मोगरी.

ओरडणं ऐकलेल्या खालच्या दुकानदारानं मोटारीपाशी जाऊन सांगितलं तेव्हा चुलता धावत जिना चढून आला. पुतण्याचं बांधलेलं तोंड त्यानं पाहिलं. बाळगोंडाला बोलता येत नव्हतं. त्यानं फक्त आण्णाप्पांकडे बोट केलं.

"आण्णाप्पा," चुलता म्हणाला, "आज चतुर्दशी न्हवं रं? व्रत मोडून मोगरी धरलास, आणि पोराचा जबडा बी मोडलास?"

आण्णाप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हात धूत होतो. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी मी साबण लावत राहिलो. एक वाक्य बोलायचं होतं. मोगरी माझ्या हातात होती, एवढंच. दवाखाना नुकताच हातात आलाय, नाव व्हायचं आहे, कॅम्पात तो बसलाय, असलं सगळं त्या साबणाबरोबर माझ्या डोक्यातून फिरत होतं. आण्णाप्पांनी थोडा वेळ वाट पाहिली. त्यांना वाट बघायची सवयच होती. मग ते चुलत्याला म्हणाले, "चुकलं, काका."

ते लोक गेल्यावर मी काय केलं असेल? मी त्यांनाच विचारलं, "तुम्ही खरं का सांगितलं नाहीत?" माझ्या निर्लज्जपणाची याहून चांगली साक्ष मला देता येणार नाही. ते फरशीवरचं रक्त पुसत होते. वर न बघता म्हणाले, "मी आत असतो तर मोडलं नसतं. मी मागं जप करत बसलो आणि माणूस हितं वरडत हुता. मग चूक कुणाची म्हणायची?"

मी त्यांच्या म्हणण्याला धरून राहिलो. सोयीचं होतं ते.

जबडा भरून आला, पण किंचित तिरका. बाळगोंडा एका बाजूनं चावू लागला. आमच्या जिन्यात मात्र बदल झाला. लोक वर येऊन हळूच विचारू लागले, "आण्णाप्पाच मारतोय काय? तुमीच मारा की, डाक्टर. त्याचा हात आता ऱ्हायला न्हाय म्हणत्यात." हे त्यांच्यासमोर बोललं जायचं. मी "बघू" म्हणायचो. आण्णाप्पा फडकं घडी करत उभे असायचे. दिवाळीला घरी गेले ते परत आले नाहीत. भाऊ येऊन त्यांची वळकटी घेऊन गेला. त्यानंच सांगितलं, बस्तीत पंचांनी कलश दुसऱ्या घराला दिला. व्रत मोडणाऱ्याच्या हातचं पाणी देवाला नको म्हणाले. आण्णाप्पा आता चतुर्दशीला बाहेरच्या मंडपात खांबापाशी उभे राहतात, अभिषेक संपला की घरी जातात.

हे कळल्यावर तरी जायला हवं होतं. निपाणी काही विलायतेत नव्हती. मी दोनदा पत्र लिहायला बसलो. एकदा चार ओळी झाल्या, आणि त्यातही माझीच बाजू मांडलेली आढळली म्हणून फाडलं. मग लढाई लागली. औषधं मिळेनात, हत्यारं मिळेनात. माझं लग्न झालं. दवाखाना चालू लागला. मी पंचांग काढून टाकलं आणि जबडा धरायला एक जाणती नर्स ठेवली. हो, ठेवली. शिकलो होतो ना मी! वर्षं अशीच गेली आणि प्रत्येक वर्षाबरोबर ते एक वाक्य बोलणं अवघड होत गेलं. नऊ वर्षं.

शेवटी गेलो तोही आपल्या पायानं नाही. स्वातंत्र्य तोंडावर आलं होतं त्या उन्हाळ्यात बाळगोंडाच दवाखान्यात आला, दुसऱ्या बाजूची दाढ दुखते म्हणून. खुर्चीत बसता बसता जबड्यावर हात ठेवून हसत म्हणाला, "आण्णाप्पाचा ठोका अजून थंडीत जागा होतोय बगा, डाक्टर."

का कोण जाणे, त्या हसण्यापुढं मला टिकाव धरता आला नाही. मी म्हटलं, "तो आण्णाप्पांचा नव्हे. माझा. ते मागच्या खोलीत होते. हात द्यायला तयार होते, मीच नको म्हटलं."

बाळगोंडा उठून बसला. दाढ न दाखवताच त्यानं टोपी घातली आणि दारापाशी जाऊन म्हणाला, "नऊ वरसं मी त्यांच्या दारावरनं गेलोय, तोंड फिरवून. मला सांगून काय उपेग? रविवारी चतुर्दशी हाय. गावाकडं या. बस्तीत सांगा."

रविवारी सकाळच्या मोटारीनं गेलो. चपला बाहेर काढल्या, कातडी पट्ट्याचं घड्याळ काढून खिशात घालायला गेलो, तेव्हा बाळगोंडानं सांगितलं की तेही बाहेरच ठेवा. मंडपात चाळीसेक माणसं होती. आत अभिषेकाची तयारी चाललेली. आण्णाप्पा खांबापाशी उभे होते. केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते. दोन्ही हात दुपट्ट्याखाली घेतलेले. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली, जशी दवाखान्यात सकाळी हलवायचे.

मी उभा राहून सांगितलं. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, याचं मला तेव्हाही नवल वाटलं. चुलता आता फार थकला होता. त्याला बाळगोंडानं कानाशी वाकून पुन्हा सगळं सांगितलं. मग चुलता काठी टेकत खांबापर्यंत गेला, आण्णाप्पांपुढं हात जोडले आणि पुजाऱ्याला मोठ्यानं म्हणाला, "पहिला कलश आण्णाप्पाला द्या."

लोकांनी वाट करून दिली. आण्णाप्पा आत गेले. पुजाऱ्यानं भरलेला चांदीचा कलश पुढं केला आणि त्यांनी दुपट्ट्याखालून हात बाहेर काढले. दोन्ही हात थरथरत होते. बारीक नव्हे, चांगलेच, मनगटापासून. त्यांनी कलश धरला. पाणी त्यांच्या पोटावर, पायांवर, पायरीवर सांडलं. त्यांनी कोपरं अंगाशी आवळून पाहिलं, डोळे मिटून श्वास सोडून पाहिला. एक पायरी चढले. मूर्तीपर्यंत अजून दोन होत्या आणि कलशात निम्मं पाणी राहिलं होतं.

"साकु," ते कानडीत म्हणाले, पुरे, आणि कलश पुजाऱ्याच्या हातात परत दिला. "देवाच्या अंगावर पडंल हातातनं. बाळगोंडाला द्या."

बाळगोंडानं अभिषेक केला. आण्णाप्पा बाहेर येऊन पुन्हा खांबापाशीच उभे राहिले. शेवटपर्यंत थांबले, गंधोदक, म्हणजे अभिषेकाचं पाणी, कपाळाला लावलं. मी त्यांच्याजवळ गेलो. विचारलं, "हातांना कधीपासून असं?"

"झाली की दोन वरसं," ते म्हणाले. ओले हात ते धोतराला पुसत होते आणि ते नीट पुसले जात नव्हते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. रोग्याला दाढेचं सांगायचे त्याच आवाजात म्हणाले, "त्याआधी आला असतासा, डाक्टर, तर जमलं असतं मला."

आणि खाली बघत, सावकाश पावलं टाकत ते घराकडे निघून गेले.